आपला आजार कोणत्या रजिस्टरात?

(गावात आरोग्यावर एक उघडी सभा घ्यायची, तिच्या तयारीसाठी लोधीखेड्यात तरुण मंडळी बसली होती. तिथं केलेलं हे भाषण. बोलणं शक्यतो बोलल्यासारखंच ठेवलंय, फार भरकटलं तिथं कात्री लावलीय.)



आरोग्यावर सभा घ्यायची म्हटल्यावर मला पहिला प्रश्न चहाच्या टपरीवरच आला. "सभेनं काय होते भाऊ? गोळी तं दवाखान्यातच भेटते." प्रश्न खोटा नाही. सभा म्हणजे मंडप, बॅनर, हार, दोन तास उशिरा येणारे पाहुणे, एवढंच आपण आजवर पाहिलंय. फार झालं तर बाजूच्या टेबलावर बीपी मोजायचं मशीन. पण ते झालं शिबिर. शिबिरात डॉक्टर बोलतो आणि आपण बाही वर करून बसतो. मी ज्या सभेबद्दल बोलतोय तिच्यात बोलायचं आपण, आणि लिहून घ्यायचं दवाखान्यानं अन् नगर परिषदेनं.

ती कशाला हवी हे सांगायला लांब जायची गरज नाही. परासिया घ्या.

सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात लहान लेकरं दगावू लागली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. सुरुवात सगळ्यांची सारखी, आपल्या घरात दर पावसाळ्यात होते तशी: सर्दी, खोकला, अंगात ताप. औषध आणलं, पाजलं. मग लेकराची लघवी बंद झाली. एक दिवस वाट पाहिली, दोन दिवस पाहिली. मग छिंदवाडा, आणि छिंदवाड्याहून नागपूर. छिंदवाड्याहून नागपूरला जाणारी गाडी सौंसरावरूनच जाते, म्हणजे हे सगळं आपल्या दारावरून गेलं.

सुरुवातीला संशय कशाकशावर गेला ते आठवा. कुठला तरी अनोळखी ताप असेल, पाण्यात काही असेल. पाण्याचे नमुने घेतले गेले, रक्ताचे नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेकडे गेले. यात कोणी वावगं केलं असं नाही, साथ शोधताना एकेक दार ठोठावूनच पाहावं लागतं. पण दिशा मिळाली ती नागपुरात, लेकरांच्या किडनीचा तुकडा काढून तपासल्यावर. किडनी जंतूनं गेलेली नव्हती, विषानं गेली होती. मग नजर सिरपकडे वळली. तामिळनाडूत तिथल्या औषध प्रशासनानं कोल्ड्रिफ नावाच्या सिरपचा नमुना तपासला, तर त्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. चालतं ते जास्तीत जास्त ०.१ टक्का. ही वस्तू ब्रेक ऑइलमध्ये, रंगाच्या कारखान्यात वापरतात. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशात त्या सिरपवर बंदी आली. तोवर महिना उलटला होता. वीसहून जास्त लेकरं गेली. सर्वांत जास्त छिंदवाड्याची, पण त्या यादीत बैतूल आहे आणि आपला पांढुर्णा जिल्हाही आहे.

अटका झाल्या, कारखान्याचा परवाना गेला. कोण किती दोषी ते कोर्ट ठरवेल, त्यात मी पडत नाही. मला त्या महिन्याबद्दल बोलायचंय.

त्या महिन्यात प्रत्येक घराला दोन गोष्टी माहीत होत्या. कोणती बाटली आणली, आणि लघवी कधी थांबली. बाटली तर घरातच होती, खिडकीत किंवा देवळीत ठेवलेली. पण एका घराला त्यातून काही कळत नाही. एका घरात ते नशीब असतं, कोणाची तरी नजर असते, किंवा "पोट्टं पहिल्यापासूनच नाजूक होतं" असं असतं. दुसऱ्या घरातही तसंच. पाच घरं एका सतरंजीवर बसून बोलली असती आणि तिथं एखादी नर्सबाई वही घेऊन असती, तर "तुमच्या इथंही लघवीच बंद झाली का?" हा प्रश्न कोणीतरी विचारलाच असता. त्यानं लेकरं वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. पण तो प्रश्न नागपूरच्या प्रयोगशाळेच्या आधी विचारला गेला असता, हे नक्की. बंदीच्या आधीचा एकेक दिवस मोलाचा होता.

आणि हे विष नवं नाही, बरं का. १९३७ साली अमेरिकेत याच डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये औषध कालवून विकलं आणि शंभराच्या वर माणसं गेली. त्यानंतर तिथं औषधांचा कायदा कडक झाला. आपल्याकडं १९८६ साली मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात १४ पेशंट गेले, ग्लिसरीनमध्ये हेच भेसळीला होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, साक्षी झाल्या, औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंतच्या भानगडी बाहेर आल्या. १९८८ च्या त्या अहवालानंतर आरोग्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. आयोग चांगलाच होता. पण आयोग माणसं मेल्यावर बसतो. आपल्याला जी सभा पाहिजे ती आधी बसणारी.

एक गोष्ट आजच घरी जाऊन सांगा. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं सूचना काढलीय: दोन वर्षांच्या आतल्या लेकराला सर्दी-खोकल्याचं औषध देऊच नये, आणि पाच वर्षांच्या आत साधारणपणे देऊ नये. बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. शेजारणीच्या घरची अर्धी उरलेली बाटली तर नाहीच नाही.

आता आपल्या गावाची खरी गोम सांगतो.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आहे १९६९ चा. त्या कायद्यानं मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते. माणूस राहायला कुठंही असो. आता आपल्याकडचा आजार कसा चालतो ते पाहा. दोन दिवस गावात गोळ्या, मग सौंसर, आणि जरा जड वाटलं की थेट नागपूर. साठेक किलोमीटर तर आहे. मामा-मावशी तिकडेच, भाषा तीच, मोठे दवाखाने तिथेच. १९५६ पर्यंत आपण ज्या प्रांतात होतो त्याची राजधानीच नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललं, दवाखान्याची वाट काही बदलली नाही. तर माणूस नागपुरात भरती होतो, आणि वाईट झालं तर नागपुरात जातो. नोंद होते नागपूर महापालिकेकडे. आपण सातनूरवरून परत येतो, गावात अंत्यविधी करतो, तेरवी करतो. सगळ्या गावाला माहीत असतं की अमका गेला. पण आपल्या नगर परिषदेच्या मृत्यू रजिस्टरात त्याची ओळच नसते.

तिकडे नागपूरच्या रजिस्टरात काय दिसतं? मध्य प्रदेशातला पत्ता असलेलं एक नाव. त्या नावासाठी नागपूर महापालिका लोधीखेड्यात फवारणीची गाडी पाठवणार आहे का? आणि ज्यानं गाडी पाठवायची त्याच्या कागदावर लोधीखेडा ठणठणीत.

डेंग्यूचं घ्या. पोराला ताप आला, प्लेटलेट कमी झाल्या, नागपूरच्या लॅबमध्ये रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. ही खबर त्याच्या गल्लीपर्यंत यायला दोन राज्यांच्या यंत्रणांनी एकमेकांना सांगावं लागतं. संगणकावर तशी सोय आहे म्हणतात, असेलही. पण त्या गल्लीतल्या टाक्या, कूलर, टायरं रिकामी करायला जेवढे दिवस हाती असतात ते तेवढ्यात निघून जातात. डास काही सातनूरला थांबून राज्य विचारत नाही.

म्हणून मी म्हणतो, आपल्यासाठी सभा ही हौस नाही. मोठ्या शहराला लॅब आहे, महापालिका आहे, आकडे एका जागी पडतात. आपले आकडे दोन राज्यांत सांडलेले. ते जोडून पाहणारी जागा एकच, ती म्हणजे गावातल्या माणसांची आठवण. कोण कधी आजारी पडलं, कुठं नेलं, काय सांगितलं, परत आलं की नाही, हे सगळं आपल्या आयाबायांना तोंडपाठ आहे. ते एका दिवशी, एका जागी, मोठ्यानं बोललं गेलं पाहिजे आणि उतरवून घेतलं पाहिजे. सभा म्हणजे एवढंच.

एक कामाची गोष्ट: २०२३ मध्ये त्या नोंदणी कायद्यात बदल झाला. आता दवाखान्यानं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र रजिस्ट्रारला द्यायचं असतं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही. दुःखाच्या घाईत कोणी मागत नाही. मागून घ्या. तो कागद गावात आला तरच गाव कशानं मरतंय ते गावाला कळेल.

आता कोणी म्हणेल, सरकारनं यासाठी काही केलंच नसेल का? केलंय की. पण ज्या फटीत आपण पडलो ती फट नीट पाहा.

आपण गाव म्हणतो, पण कागदावर लोधीखेडा नगर परिषद आहे. ग्रामपंचायत असेल तिथं ग्रामसभा असते, आरोग्य-स्वच्छता-पोषणाची समिती असते, आशाताई त्यात असते. ग्रामसभा हा लोकांचा हक्क आहे, सरपंचाची मर्जी नाही. नगर परिषदेत ग्रामसभा नाही. बरं, शहर म्हणावं तर १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांना. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान २०१३ साली आलं ते पन्नास हजारांवरच्या शहरांसाठी आणि जिल्हा मुख्यालयांसाठी. लहान नगरं ग्रामीण अभियानातच ठेवली. म्हणजे दवाखान्याच्या हिशेबात आपण खेडं आणि सभेच्या हिशेबात शहर. दोन्हीकडचं जे नको ते आपल्या वाट्याला.

आणि तरी त्याच घटनादुरुस्तीनं जोडलेलं बारावं परिशिष्ट काढून वाचा. नगरपालिकांकडे जी १८ कामं द्यायची त्यात पाचवं पाणीपुरवठा, सहावं सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता, सोळावं जन्म-मृत्यूची नोंद. तिन्ही आपल्या विषयाची. तेव्हा "आरोग्य हमारा विषय नहीं, अस्पताल में पूछो" असं कोणी म्हटलं तर हसून परिशिष्ट पुढे करायचं. भांडायचं नाही.

बाहेर कसं चालतं तेही सांगतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचं राज्य आहे, तिथं गावोगाव आरोग्य मंडळ असतं. त्याची बैठक उघडी असते, आणि निदान ४८ तास आधी, सुट्टीचे दिवस सोडून, सूचना लावावी लागते की अमुक वाजता अमुक विषयांवर बैठक आहे. विहिरी, सांडपाणी, हॉटेलांची तपासणी असले रोजचे विषय असतात. त्या देशात आरोग्याचं सगळं आलबेल आहे असं कोणी समजू नका, तिथं दवाखान्याचं बिल पाहून माणसं घाबरतात. पण सूचना लावायची, दार उघडं ठेवायचं, लिहून ठेवायचं, याला काही डॉलर लागत नाहीत.

आपल्या राज्यातही सुरुवात झाली होती, आणि ती देशात पहिली होती. १९९४ साली सुरतेत प्लेग आला, त्याच सुमारास इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलात उंदरांचा सुळसुळाट झालेला. दवाखाना रिकामा करून उंदीर मारायची मोहीम निघाली, आणि त्या साफसफाईतून रोगी कल्याण समितीची कल्पना आली. लोकप्रतिनिधी, अधिकारी, नागरिक मिळून दवाखाना पाहतील अशी. पुढे ती देशभर गेली. आज आपल्या भागातल्या दवाखान्याची समिती कोण आहे, मागची बैठक कधी झाली, काय ठरलं, हे इथं बसलेल्या किती जणांना माहीत आहे? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, दहा रुपयांचा अर्ज. आपल्यापैकी दोघांनी सभेच्या आधी तो टाका. इतिवृत्त येईल तेव्हा येईल, पण अर्ज गेला की बैठक होते, हा माझा अनुभव आहे.

आणि जुलै २००४ मध्ये आपल्याच भोपाळात आरोग्याच्या हक्कावर जनसुनवाई झाली होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि जन स्वास्थ्य अभियान यांनी मिळून घेतलेली, पश्चिम भारतातल्या राज्यांसाठी. नाकारलेल्या उपचारांच्या तक्रारी लोकांनी आयोगासमोर मांडल्या. २००७ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात लोकांनीच दवाखान्यावर देखरेख ठेवायचा प्रयोग नऊ राज्यांत सुरू झाला. मध्य प्रदेश त्यात होता, महाराष्ट्रही. महाराष्ट्रात पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता, म्हणजे आपल्या पांढुर्ण्याचा शेजारी, वरूडच्या पलीकडचा. गावानं दवाखान्याला हिरवा, पिवळा, लाल असे रंग द्यायचे आणि मग जनसुनवाईत डॉक्टरसमोर ते पत्रक ठेवायचं. आपल्या पोरांना असलं पत्रक मोबाइलवर एका रात्रीत बनवता येईल.

इथं एक कडू गोष्ट बोलतो. आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं, तिकडे महाराष्ट्रात असतो तर सगळं बरं झालं असतं. ऑक्टोबर २०२३ आठवा. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यातली निम्मी नवजात बाळं. तेव्हा सीमेच्या रेषेवर सगळा राग काढू नका. रेषेनं आपलं नुकसान एका ठरावीक जागी होतं, ते म्हणजे नोंद आणि भाषा. तिथंच बोट ठेवू.

भाषेचं सांगतो. माझी आत्या. तिनं एका दवाखान्यात सांगितलं, "डॉक्टरसाहेब, सकाळपासून उमासे येऊन राह्यले." डॉक्टर बाहेरून नेमणुकीवर आलेले, माणूस भला. त्यांनी ऐकलं 'उमस'. म्हणाले, "हाँ अम्मा, गर्मी बहुत है, पंखे के नीचे बैठिए।" आत्या पंख्याखाली बसली आणि तिथंच उलटी केली, तेव्हा उलगडा झाला. आजही घरात पंखा लावला की आम्ही हसतो. पण सगळे शब्द असे हसण्यावारी जात नाहीत. आपण म्हणतो, "जुलाब झाले." हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ व्हायचं औषध. ऐकणाऱ्याला वाटू शकतं, यानं स्वतःच काहीतरी घेतलंय. आपण म्हणतो, "दम लागते", हिंदीत दम म्हणजे ताकद. आपली कावीळ तिकडे पीलिया. आपला गोवर तिकडे खसरा, आणि मध्य प्रदेशात खसरा म्हटलं की शेतकऱ्याला आधी शेताचा नंबर आठवतो. डांग्या खोकला म्हणजे काली खाँसी, घटसर्प म्हणजे गलघोंटू. आणि 'लघवी' हा शब्द बाहेरून आलेल्या डॉक्टरला कळेल याची काय खात्री? परासियासारखं काही उद्या इकडं घडलं, आणि आई म्हणाली, "लेकराची लघवी तुंबली हो", तर ते पहिल्याच दिवशी समजलं पाहिजे.

शाळेत शिकलेली पोरं हिंदीत बोलून घेतात. तुम्ही-मी बोलतोच. पण दवाखान्यात जास्त कोण जातं? म्हातारी माणसं, बाळंतिणी, अंगावर काढणाऱ्या बाया. दुखणं सांगताना माणूस आपल्याच भाषेत सांगतो, आणि दुखणं नीट कळलं नाही तर औषध अंदाजानं जातं. म्हणून सभेत मराठीत बोललेलं मराठीतच लिहून घ्या, आणि खाली हिंदीत अर्थ द्या. अर्जही मराठीत देता येतो. घटनेचं कलम ३५० सांगतं की कोणालाही आपली तक्रार केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यासमोर मांडता येते. मराठी मध्य प्रदेशात वापरात नाही असं कोण म्हणेल? आपल्या घरात येऊन म्हणून दाखवावं. तरी माझा सल्ला, सोबत हिंदी प्रत जोडा. आपल्याला टाकी धुऊन पाहिजे, कागदाची अडवणूक नको.

आणि हे सांगताना आपल्याच पायाखाली बघा. आपल्या तहसिलीत गोंडी बोलणारी घरं आहेत. बाहेरच्या डॉक्टरसमोर आपली आत्या जशी अडकली, तशी एखादी गोंड बाई आपल्या मराठी सभेत अडकेल. तिच्या शेजारी बसून तिचं सांगणारा कोणी तरी हवा. ते जमलं नाही तर भाषेच्या हक्कावर आपण कशाला बोलायचं?

मंगळवारची जनसुनवाई आहे ना, असंही काही जण म्हणाले. आहे, कलेक्टर कार्यालयात दर मंगळवारी. १८१ वर फोनही लागतो. जरूर जा. पण तिथं आपण एकेकटे जातो, आपापला अर्ज घेऊन. रांगेत पुढच्या माणसाच्या हातातल्या कागदावर तेच दुखणं असलं तरी आपल्याला कळत नाही. मंगळवारी माझं काम होतं किंवा होत नाही. सभेत मला कळतं की हे माझ्या एकट्याचं नाही.

दोन धोके आहेत, ते आधीच बोलून ठेवतो.

एक, मोबाइल. सभेत कोणाच्याही आजाराचं नाव घेऊन व्हिडिओ काढायचा नाही. आपल्या भागात सिकलसेल आहे. १ जुलै २०२३ ला त्याचं राष्ट्रीय अभियान आपल्याच राज्यातून, शहडोलमधून सुरू झालं, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा म्हणून. तपासण्या झाल्या, कार्डं मिळाली. आणि कार्ड मिळालं की पहिली भीती कोणती? पोरीचं लग्न. म्हणून मायबाप कार्ड पेटीत टाकतात आणि पोरगी दुखण्यानं कळवळते. टीबीचंही तसंच. सभेत आकडा बोला, वॉर्ड बोला, नाव नको. "या वॉर्डात सिकलसेलची गोळी गेल्या महिन्यात किती जणांना मिळाली नाही?" एवढं पुरतं. ज्याला स्वतःहून सांगायचं तो सांगेल.

दुसरा धोका अफवेचा. परासियानंतर कित्येक घरांत सगळ्याच औषधांची भीती बसली. ताप आलेल्या लेकराला काहीच दिलं नाही, असंही मी पाहिलं. सभेत कोणी काही बोललं म्हणजे ते सिद्ध झालं असं नाही. म्हणून वहीत दोन रकाने करा, 'ऐकलं' आणि 'कागद पाहिला'. दोन्ही लिहा, मिसळू नका. डॉक्टर, नर्स, आशाताई यांना आरोपी करून उभं करू नका. आशाताई आपल्याच घरची असते. तिच्याजवळ जेवढी माहिती आहे तेवढी कलेक्टरजवळ नाही, आणि आपण तिच्यावर ओरडलो तर ती पुढच्या वेळी येणार नाही.

आता तयारीचं. दिवस ठरवताना कापसाची वेचणी आणि संत्र्याचा तोडा पाहून ठरवा, नाहीतर सभेत फक्त आपणच बसू. दुपारी ठेवली तर बोरगावच्या कारखान्यात जाणारे येणार नाहीत, फार उशिरा ठेवली तर बाया येणार नाहीत. संध्याकाळी सहा वाजता घ्या. मंच नको. खुर्च्या असतील तर म्हाताऱ्यांना, बाकी सतरंजी. नगर परिषदेला, दवाखान्याला पत्र आठ दिवस आधी द्या आणि पत्रात प्रश्न लिहूनच द्या, म्हणजे "माहिती घेऊन सांगतो" हे उत्तर येणार नाही. नवा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. आरोग्याचं कोणतं काम आता पांढुर्ण्यातून होतं आणि कोणतं अजून छिंदवाड्यातून, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगावं. १०८ ची गाडी पेशंटला नागपूरपर्यंत नेते का, नेत असेल तर कोणाच्या परवानगीनं, रात्री दोन वाजता ती परवानगी कोण देतो? आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या यादीतल्या दवाखान्यातही चालतं असा नियम आहे. मग नागपूरच्या यादीत कोणते दवाखाने आहेत, ती यादी आपल्या दवाखान्याच्या भिंतीवर का नाही?

हे सगळं एका सभेत होणार नाही. पहिल्या सभेत पाणी घ्या. टाकी शेवटची कधी धुतली, क्लोरीन कोण टाकतं, सुट्टीच्या दिवशी कोण टाकतं. नियम असा की नळाच्या शेवटच्या टोकालासुद्धा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. ते तपासायला ओटी टेस्ट असते, दोन थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. ती पेटी नगर परिषदेकडे मागा. सभेच्या दिवशी सकाळी, नळ येतो त्या वेळी, वॉर्डावॉर्डातल्या शेवटच्या घरचं पाणी तिथल्या तिथं तपासा, आणि त्या घरच्या बाईला पहिल्या रांगेत बसवा.